तपासण्या नॉर्मल, तरी जिभेची आग: यात मनाचा वाटा किती?

प्रश्न असा आला आहे: "माझं वय ५४. आठ-नऊ महिने झाले, जिभेचं टोक आणि दोन्ही कडा पोळल्यासारख्या जळतात. सकाळी उठते तेव्हा बरं असतं, संध्याकाळपर्यंत आग वाढत जाते. तोंडाला सतत कडवट चव. दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं, फिजिशियननी पाहिलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. शेवटी 'टेन्शन घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा' असं सांगितलं. घरचेही आता तेच म्हणतात. हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणि हे किती दिवस चालणार?"

मनाचे खेळ नाहीत. तुमची आग खरी आहे. ती तुम्ही ओढवून घेतलेली नाही आणि कोणी 'विचार करू नको' म्हटल्याने जाणारीही नाही. तरीही मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला मी चुकीचा म्हणणार नाही. तो ज्या पद्धतीने आणि ज्या वेळी दिला गेला, ते मात्र चुकलं. मुखरोग आणि चेहऱ्याच्या वेदना यांचं काम इतकी वर्षं करताना मला सर्वांत जास्त स्पष्टीकरण याच मुद्द्यावर द्यावं लागलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं 'बर्निंग माउथ सिंड्रोम' या आजाराशी बरीच जुळतात. तोंडात जळजळ, रोज दोन तासांहून जास्त वेळ, तीन महिन्यांहून अधिक काळ, आणि तोंडात डोळ्यांना दिसेल असं कारण काही नाही, अशी त्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. पाळी जाण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. दोन्ही बाजूंना सारखी आग, सकाळी कमी आणि दिवस चढेल तशी जास्त, चवीत बदल, लाळ पुरेशी असूनही कोरड पडल्याची भावना, हे सगळं त्यात बसतं. वाचून निदान होत नाही, ते तपासणाऱ्याचं काम. पण तुम्ही सांगता ते विचित्र नाही आणि तुम्ही एकट्याही नाही.

आता 'रिपोर्ट नॉर्मल' या शब्दांबद्दल. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, डोळ्यांनी केलेली पाहणी यांत जिभेतल्या अतिसूक्ष्म नसा दिसतच नाहीत. इटलीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा रुग्णांच्या जिभेचे अगदी छोटे तुकडे तपासले, तेव्हा वरच्या थरातल्या बारीक नसांच्या तंतूंची संख्या निरोगी माणसांपेक्षा कमी आढळली. फिनलंडमधल्या अभ्यासांत पापणी मिटण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेत (चेहऱ्याच्या नसांचं काम तिच्यावरून तपासतात) फरक दिसले, तसेच मेंदूच्या वेदना हाताळणाऱ्या भागातल्या डोपामिन या रसायनाच्या यंत्रणेतही. चवीची नस आणि वेदनेची नस यांचं नातंही महत्त्वाचं आहे. चवीच्या नसेकडून येणारे संदेश तोंडातल्या वेदनेला एरवी आवर घालतात. ती नस कमकुवत झाली की हा आवर सुटतो, असा एक विचार आहे. कडवट किंवा धातूसारखी चव आणि आग या दोन तक्रारी इतक्यांदा जोडीने का येतात, हे त्यावरून कळतं. तेव्हा 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'नेहमीच्या तपासण्यांत दिसेल असं काही सापडलं नाही' एवढाच घ्यायचा.

मग मन यात कुठे येतं? वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव मानला आहे, आणि तो कुठल्याही वेदनेला लागू आहे, मोडलेल्या हाडाच्याही. जिभेकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत पोचताना वाटेत त्याची तीव्रता कमी-जास्त होते. मेंदूकडून खाली येणारे मज्जामार्ग हे काम करतात आणि त्यासाठी सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायनं वापरतात. मनःस्थिती, काळजी आणि झोप यांच्याशी संबंध असलेली रसायनंही हीच. त्यामुळे महिनोन्महिने काळजीत आणि अपुऱ्या झोपेत राहिलेल्या माणसाची ही आवर घालणारी यंत्रणा दुबळी होते, आणि एरवी जाणवलाही नसता असा संदेश आग बनून पोचतो. एकदा चोरी झालेल्या घरातला माणूस पान हललं तरी दचकून उठतो. ते पान खरंच हललेलं असतं. त्याचा कान खोटं ऐकत नसतो.

काळजी आधी की आग आधी? या रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतं, हे पुष्कळ अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण बहुतेक अभ्यासांत रुग्णाला एकाच वेळी पाहिलेलं असतं. आग सुरू होऊन वर्ष झालेल्या बाईला आज चिंता आहे, यावरून चिंतेने आग लावली असं सिद्ध होत नाही. आठ महिने जीभ जळत असेल आणि कोणी विश्वास ठेवत नसेल, तर कोणाचं मन खचणार नाही? माझ्याकडे येणाऱ्यांत तिन्ही प्रकार असतात. काहींना आधीपासून चिंतेचा त्रास होता आणि आग त्यात येऊन मिसळली. काहींचं मन आगीनंतर थकलं. आणि काहींना मानसिक त्रास असा नसतोच. त्यांना 'टेन्शन' हे कारण चिकटवणं हा सरळ अन्याय आहे.

एक सिद्धान्त मला पटण्याजोगा वाटतो, जरी तो अजून सिद्धान्तच आहे. दीर्घकाळच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं काम बिघडतं, आणि नसांचं रक्षण करणारी काही स्टेरॉइडजातीची द्रव्यं शरीरात कमी तयार होतात. तरुणपणी स्त्रीबीजकोशाची संप्रेरकं ही उणीव भरून काढतात. पाळी गेल्यावर ती साथ सुटते आणि तोंडातल्या बारीक नसांना इजा होते. हे बरोबर असेल तर ताण हा नसांच्या आजाराचाच एक भाग ठरतो, आणि 'शारीरिक की मानसिक' या प्रश्नातली 'की' गळून पडते.

मनाशी जोडलेल्या गोष्टींपैकी सर्वांत जास्त छळणारी म्हणजे कॅन्सरची भीती. बहुतेक जण ती पहिल्या भेटीत बोलून दाखवत नाहीत. उठताना, दाराशी गेल्यावर विचारतात, 'डॉक्टर, दुसरं काही नाही ना?' म्हणून मी आता आपणहून विचारतो, 'तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?' या भीतीतून आरशाची सवय लागते. मोबाइलचा टॉर्च लावून दिवसातून दहा-दहा वेळा जीभ बाहेर काढून पाहिली जाते. अशी ओढून पाहिली की जिभेच्या मागच्या भागात उलट्या 'व्ही'च्या आकारात मोठाल्या गाठींची ओळ दिसते, आणि कडांना मागच्या बाजूला लालसर घड्या दिसतात. या चवीच्या नैसर्गिक उंचवट्यांनी, जे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, कित्येक लोकांची झोप उडवली आहे. त्यांना गाठ समजून बोटाने दाबून पाहिलं, जीभ दातांवर घासून पाहिली की ते सुजतात, आणि मग भीती खरीच ठरल्यासारखी वाटते.

जळजळीच्या या आजाराचा कॅन्सर होत नाही. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांकडून हे वाक्य स्पष्ट शब्दांत ऐकून घ्या: 'मी तुमची जीभ, जिभेखालचा भाग, गाल, टाळू आणि मानेच्या गाठी तपासल्या आहेत आणि हा कॅन्सर नाही.' काय काय तपासलं ते सांगून दिलेला दिलासा टिकतो. नुसतं 'काही नाही हो' चार दिवसही टिकत नाही. पण एकदा नीट तपासून घेतल्यावर दर आठवड्याला नव्या डॉक्टरांकडून तोच दिलासा घेत राहणं भीतीला खतपाणी घालतं. आरसा आठवड्यातून एकदाच, असा नियम मी रुग्णांना घालून देतो. पहिले काही दिवस बेचैनी वाढते, मग उतरते.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. जेवताना, गप्पांत, आवडीच्या कामात आग कमी होते, असं बहुतेक जण सांगतात. इथेच घरच्यांचा गैरसमज होतो: 'मघाशी हसत होतीस, तेव्हा नव्हतं दुखत?' अहो, हे या आजाराचं लक्षणच आहे. चघळताना चवीचे आणि स्पर्शाचे संदेश वेदनेला मागे ढकलतात, आणि लक्ष दुसरीकडे गेलं की मेंदू आपली आवर घालणारी यंत्रणा वापरतो. जेवताना कमी होणारी आग हे ढोंगाचं नव्हे, निदानाला मदत करणारं लक्षण आहे. तुमच्या घरच्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

झोपेबद्दल मी पूर्वीपेक्षा आता जास्त विचारतो. ही आग सहसा झोपेतून उठवत नाही, पण झोप लागू देत नाही. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची ताकद घटते. मी आधी झोपेची घडी बसवतो, कारण त्याने बाकीच्या उपचारांना जमीन मिळते.

आणि एक साधी, सहज सुटून जाणारी गोष्ट: तोंडाच्या सवयी. ताणात माणूस नकळत दात आवळतो, जीभ दातांवर दाबतो किंवा घासतो. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले दिसतात. सकाळी आग नाही आणि संध्याकाळी जास्त, याला या सवयीही हातभार लावत असाव्यात. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जीभ सैल, ही तोंडाची विश्रांतीची स्थिती. दिवसभरात अनेकदा स्वतःला हे आठवून द्या. यात औषध नाही, खर्च नाही, अपाय नाही.

आयुष्यातले आघात, म्हणजे जोडीदाराचं जाणं, घरातल्या कोणाचं दीर्घ आजारपण, मुलांचं दूर जाणं, याविषयी मी विचारतो, पण खोदून काढत नाही. काही जण बोलता बोलता स्वतःच जोडणी करतात, 'आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झालं बघा.' काहींना असं काही आठवत नाही, आणि ते खरंच असतं. प्रत्येक जळत्या जिभेमागे गाडलेलं दुःख असलंच पाहिजे, असा आग्रह धरणारे उपचारक मी पाहिले आहेत. त्याने रुग्ण दूर जातो, दुसरं काही होत नाही.

यातून आम्हा डॉक्टरांचं काय चुकतं ते सांगतो. आधी सगळ्या तपासण्या, आणि काहीच न सापडल्यावर अखेर 'मानसिक असेल', हा क्रमच वाईट. रुग्णाला तो निकाल वाटतो, आणि हाकलून दिल्याची भावना येते. मनाविषयीचे प्रश्न पहिल्याच भेटीत, झोप, भूक, औषधं यांच्याबरोबरीने विचारायला हवेत. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि सात प्रश्नांची जीएडी-७ या प्रश्नावल्या काही मिनिटांत भरून होतात आणि नैराश्य, चिंता किती आहे याचा अंदाज देतात. मानसोपचारशास्त्रानेही आपली भूमिका बदलली आहे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात शारीरिक लक्षणांशी निगडित मानसिक विकाराच्या निदानासाठी 'वैद्यकीय कारण सापडत नाही' ही अट काढून टाकली गेली. लक्षणामागे काय आहे यापेक्षा त्याभोवती विचार, भीती आणि धडपड किती वाढली आहे, ते आता पाहिलं जातं. कारण न सापडणं हा मानसिक आजाराचा पुरावा नाही, हे आता खुद्द त्या शास्त्राने लिहून ठेवलं आहे.

मनाकडे वळण्याआधी शरीराची बाजू पूर्ण झाली आहे का, हे तपासून घ्याच. 'सगळं नॉर्मल' या दोन शब्दांवर थांबू नका, रिपोर्ट हातात घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, साखर आणि थायरॉइड झालं आहे का? बुरशीचा संसर्ग, लायकेन प्लॅनस (तोंडात पांढरे जाळीदार पट्टे आणणारा आजार), नीट न बसणारी कवळी, टूथपेस्ट किंवा कवळीच्या द्रव्याची अ‍ॅलर्जी, छातीतली जळजळ आणि आंबट पाणी, लाळेचं प्रमाण, हे पाहिलं गेलं आहे का? रक्तदाबाच्या एनालाप्रिल, लिसिनोप्रिलसारख्या गोळ्यांनीही काहींच्या तोंडाची आग होते. त्या स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि यातलं काही सापडलं, तरी मनाचा भाग आपोआप रद्द होत नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसालाही कॅन्सरची भीती वाटू शकते.

याच जातीची दुसरी एक वेदना आहे, तिच्याबाबत सावध करतो, कारण तिथे नुकसान कायमचं होतं. एखादा दात किंवा दाढ महिनोन्महिने दुखते, एक्स-रेत काही नाही, रूट कॅनल होतं, दुखणं राहतं, दाढ काढली जाते, दुखणं शेजारच्या दाताकडे सरकतं. अशा वेळी रुग्ण स्वतःच 'काढून टाका' म्हणून हट्ट धरतो आणि डॉक्टर दयेपोटी ऐकतात. पुरावा नसताना दात काढू नये, यावर मी ठाम आहे. क्वचित एखाद्या रुग्णाला तोंडात तारा, चिकट गोळे किंवा काही हलणारं असल्याची अढळ खात्री असते. तिथे मानसोपचारतज्ज्ञच प्रमुख वैद्य असायला हवेत. पण तुमच्या वर्णनात तसं काहीही नाही.

उपचारांत सर्वांत जास्त गोंधळ औषधांच्या नावांवरून होतो. क्लोनाझेपॅम हे चिंतेसाठी वापरलं जाणारं औषध. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एक मिलिग्रॅमची गोळी तीन मिनिटं तोंडात चोखून, न गिळता थुंकून टाकायची, दिवसातून तीनदा, चौदा दिवस, अशी पद्धत वापरली होती, आणि तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिने आग जास्त कमी झाली. यात औषध मुख्यतः तोंडातल्या नसांवर काम करतं. तरीही सवय लागू शकणारं हे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हात लावू नका. नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधं कमी मात्रेत दिली जातात तीही वेदनेसाठी. चिठ्ठीवर ते नाव पाहून 'मला वेडी समजतात' असा अर्थ काढू नका. तोंड कोरडं पडणं हा मात्र त्याचा दुष्परिणाम आहे आणि या आजारात तो नकोसा, म्हणून मी ते पहिल्यांदा देत नाही. अल्फा लिपोइक अ‍ॅसिडचे (एक पूरक द्रव्य) निष्कर्ष उलटसुलट आहेत. सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल तर मी थांबवतो.

विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, जिला सीबीटी म्हणतात, तिची या आजारात स्वीडनमध्ये १९९५ मध्ये चाचणी झाली. आठवड्याला एक तास, बारा ते पंधरा बैठका. वेदनेची तीव्रता कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही तो फायदा टिकून होता. अभ्यास लहान होता, तरी माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. या बैठकांत तुमचं बालपण उकरलं जाईल अशी भीती असेल तर ती सोडा. 'आज इतकी जळते म्हणजे उद्या सहनच होणार नाही' हा विचार पकडायला शिकवतात. आरसा पाहणं, इंटरनेटवर शोधत बसणं, आग मोजत राहणं यांना मर्यादा घालतात. आगीमुळे सोडून दिलेल्या गोष्टी, लोकांत जाणं, बाहेर जेवणं, गाणं, थोड्या थोड्या परत सुरू करायला लावतात. आग शून्य झाल्यावर जगायला सुरुवात करू, हा बेत बहुतेकांचा फसतो. आधी जगणं परत येतं, मग आग हळूहळू मागे सरते.

तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा मानसशास्त्रज्ञांकडे जा, पण मुखरोगतज्ज्ञांना सोडून नव्हे. पहिल्याच भेटीत सांगा: 'मला जिभेची वेदना आहे, नसांशी संबंधित असावी असं सांगितलं आहे, त्यामुळे झोप आणि मन दोन्ही थकलं आहे, या वेदनेबरोबर कसं वागायचं ते शिकायला आले आहे.' यामुळे दोघांनाही कामाची दिशा मिळते. मन फारच खचलं असेल, जगण्यात राम वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या. दीर्घ वेदनेत असे विचार येतात, आणि ते उपचारांनी जातात.

किती दिवस चालणार, याचं खरं उत्तर आठवड्यांत देता येत नाही. उपचारांशिवाय पूर्ण नाहीसा होणारा त्रास थोड्यांचाच असतो. पण आग निम्म्यावर येणं, चांगल्या दिवसांची संख्या वाढणं, दिवसाचा बराच वेळ तिची आठवणही न होणं, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे, त्यात बरीच वर्षं त्रास सोसलेलेही आहेत. तीन महिन्यांनी तुलना करा. रोजची तुलना करू नका, दिवसांचे चढउतार फसवतात.

आणि पुढच्या काळात चित्र बदललं, तर 'हे मानसिकच आहे' असं समजून घरी बसू नका. आग एकाच बाजूला आली, बधिरपणा जाणवला, विजेच्या झटक्यासारखी कळ येऊ लागली, दुखण्याने रात्री जाग येऊ लागली, तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, गिळायला त्रास झाला किंवा वजन उतरू लागलं, तर नव्याने तपासून घ्या, आणि तपासणाऱ्यांना जुन्या निदानासोबत हा बदल आधी सांगा.